केदारे मॅडम आणि पडद्यामागचा माईक

नाशिकरोडच्या चौकात संजना केदारेचा फोटो लागला, तेव्हा पहिल्या दिवशी तिला बरंच वाटलं. बसमधून उतरणाऱ्या दोन बायकांनी वर बघितलं आणि मग तिच्याकडे बघितलं. ती ओढणी सावरत, उगाच घाई असल्यासारखी पुढे निघून गेली. फलकावर ती होती आणि शेजारी पावेल होता. भुऱ्या केसांचा, लालसर गोरा, फिकट निळ्या डोळ्यांचा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता आपल्या मुलांच्या दिमतीला परदेशी इंग्रजी शिक्षक!'

पावेल इंग्रजी शिक्षक नव्हता. तो चेक देशातून आलेला मेकॅनिक होता. विंचूरच्या वाईन पार्कातल्या एका कारखान्याने बाटल्या भरायचं नवं मशीन आणलं होतं. ते बसवून चालू करून द्यायला कंपनीने त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं. शाळेचे मुख्याध्यापक शेखर कापडणीस यांना तो एका हॉटेलात नाश्ता करताना भेटला. शनिवारी त्याला सुट्टी असते एवढं कळलं आणि सरांच्या डोक्यात सगळी योजना उभी राहिली. पावेललाही परक्या गावात शनिवार काढणं जड जात होतं. त्याने लगेच हो म्हटलं.

त्याचं इंग्रजी ठेचकाळत चालायचं. वर्गात तो उभा राहायचा, "टुडे वुई लर्न... वेदर" म्हणायचा आणि संजनाकडे बघायचा. पुढचं सगळं ती शिकवायची. सतरा वर्षं ती हेच करत आली होती. मुलांना मात्र पावेल फार आवडायचा. तो तीन संत्री हवेत खेळवून दाखवायचा. कितीतरी दिवस बंद पडलेला वर्गातला पंखा त्याने बाकावर चढून चालू करून दिला. शनिवारी शाळा सुटायच्या वेळी पालक फाटकाशी मोबाईल घेऊन उभे असायचे.

"इंग्रज आलाय आपल्याकडे," शिपाईमावशी सावित्रीबाई कौतुकाने सांगायच्या.

"मावशी, इंग्रज नाही तो. चेक आहे," संजना एकदा म्हणाली.

"गोरा हाय ना? मग झालं की."

स्टाफरूममध्ये सगळे हसले. संजनाही हसली. पण दुपारभर ते वाक्य तिच्या मागे लागलं. सावित्रीबाईंनी चूक काय सांगितलं होतं? शाळेने तेच तर मोठ्या अक्षरांत चौकात लिहिलं होतं.

संजना स्वतः गोरी होती. नुसती उजळ नाही, चांगली गोरी, आणि डोळे घारे. तिचे वडील धोंडीराम पगारे देवळाली कॅम्पात लष्कराच्या भांडारात कामाला होते. सावळा, उंच माणूस. आईही सावळीच. मग ही अशी कशी, म्हणून बाजारातले लोक थट्टा करायचे आणि धोंडीरामांना ती थट्टा मुळीच आवडायची नाही. शाळेत मात्र या रंगाचा तिला फायदाच झाला. पाहुणे आले की हातात फुलं घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या मुलींमध्ये ती कायम पहिली. सहावीत असताना एका नव्या बाईंनी तिला निवडलं, नाव विचारलं आणि म्हणाल्या, "पगारे? अगं, वाटत नाहीस हं."

घरी येऊन तिने हे आनंदाने सांगितलं. धोंडीराम जेवत होते. हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "काय वाटत नाहीस?" त्या दिवशी त्यांनी ताट अर्धं ठेवलं, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

पुढे हे वाक्य तिला बी.एड.ला ऐकू आलं, भाड्याचं घर बघताना ऐकू आलं, या शाळेतही ऐकू आलं. तिला त्याची सवय झाली होती. प्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलायला कापडणीस सर तिलाच बसवायचे. "मॅडम, तुम्ही समोर असलात की शाळेचं वजन वाढतं," असं म्हणायचे. ते तिच्या शिकवण्याबद्दल बोलत असावेत, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

डिसेंबरात 'आंतरराष्ट्रीय भाषा कक्षा'चं उद्घाटन ठरलं. एका रिकाम्या वर्गाला रंग दिला होता, निळ्या खुर्च्या आणल्या होत्या. पालकांना बोलावणं गेलं. विंचूरच्या कारखान्यातले पावेलचे दोन परदेशी साहेबही येणार होते. सूत्रसंचालन इंग्रजीतून, विद्यार्थिनीने करायचं होतं. ती जबाबदारी संजनाकडे होती आणि तिने जराही विचार न करता नववीच्या आरोही भोयेला निवडलं.

आरोही मूळची पेठ तालुक्यातली. वडील एसटीत चालक, बदली होऊन नाशिकला आलेले. मुलगी काळीसावळी, बारीक चणीची, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करायचा. इंग्रजी बोलताना ती कोणाची नक्कल करत नसे. शब्द सावकाश, मोकळे यायचे. आठवडाभर तालीम झाली. संजनाने मजकूर लिहिला. आरोहीने त्यातली दोन वाक्यं बदलली आणि बदललेली जास्त चांगली होती.

एका तालमीला कापडणीस सर आले. मागे उभे राहून ऐकलं. "व्हेरी गुड, व्हेरी गुड," म्हणाले आणि संजनाला बाहेर बोलावून घेतलं.

"मॅडम, मुलगी हुशार आहे, प्रश्नच नाही. पण व्हिडिओ होणार, फोटो जाणार सगळीकडे. स्टेजवर जरा उठून दिसायला हवं ना. नववी अ मधली निकिता आहे, तिला घ्या."

"निकिताला इंग्रजी बोलताना भीती वाटते, सर. पाठ केलेलंही विसरते ती."

"करून घ्या थोडं. अजून तीन दिवस आहेत."

"उठून दिसायला हवं म्हणजे काय, सर?"

सरांनी तिच्याकडे जरा चकित होऊन बघितलं. "तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतोय ते. आता शब्दात पकडू नका."

तिला माहीत होतंच. तेच तिला सहन होईना.

मधल्या सुट्टीत तिने ही गोष्ट स्टाफरूममध्ये काढली. स्नेहल बोरस्ते डबा उघडत होती. स्नेहल इतिहास शिकवायची. नुकताच तिने नववीला दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद शिकवला होता, आणि मन लावून शिकवला होता. गोऱ्यांसाठी वेगळी बाकं, काळ्यांसाठी वेगळी बाकं, हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. मुलांकडून तिने तक्ते करून घेतले होते.

"हा वर्णभेदच आहे," संजना म्हणाली.

"काहीही काय!" स्नेहल म्हणाली. "वर्णभेद म्हणजे कायदे, तुरुंग, गोळ्या. आपल्याकडे कुठे असतं तसं? आपण सगळे एकाच रंगाचे. कोणी दोन छटा उजळ, कोणी दोन छटा सावळं. सर नुसतं दिसण्याबद्दल बोलले."

"मग दिसण्यात आरोहीचं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही गं. पण स्टेजचं एक असतं ना. लग्नात नाही का आपण बघत? तेव्हा त्याला कोणी वर्णभेद म्हणतं का?"

"म्हणायला पाहिजे," संजना म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा वर चढला होता.

कोपऱ्यात महेश देवरे चहा पीत होता. खेळाचा शिक्षक. उन्हात मैदानावर उभं राहून काळा कुळकुळीत झालेला. आधीपासूनच काळा होता, असं तोच हसत सांगायचा. "मॅडम, एक सांगू का?" तो म्हणाला. "शाळेच्या सगळ्या ग्रुप फोटोंत तुम्ही मला शोधा बरं. सापडणार नाही. दर वेळी सर म्हणतात, महेश, तू फोटो काढ, तुझा हात स्थिर आहे. लय वर्षं झाली, माझा हात स्थिर!"

तो मोठ्याने हसला. पण त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही. तेव्हा तोही थांबला, कप धुवायला उठला आणि परत आलाच नाही.

स्नेहलने डब्याचं झाकण लावलं. मग हलक्या आवाजात, समजुतीने म्हणाली, "संजना, तुला का इतकं लागतंय? तुला तर कधी काही भोगावं लागलं नाही. तू तर... तुझ्याकडे बघून कोणाला वाटतसुद्धा नाही."

"काय वाटत नाही?" संजनाने विचारलं.

स्नेहल लाल झाली. "जाऊ दे. मी चांगल्या अर्थाने म्हणाले."

त्या दिवशी घरी तिने स्वयंपाकात मीठ दोनदा घातलं. नवरा संघर्ष काही न बोलता पाणी पीत पीत जेवला. सासूबाई लताबाई मात्र खारटपणावर बोलल्या आणि मग लेकीला फोन लावून बसल्या. नणंदेला दिवस गेले होते आणि लताबाई फोनवरून तिला रोज केशराचं दूध प्यायला सांगायच्या.

"आई, केशराने पोर गोरं होत नाही," संजना म्हणाली. एवढ्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

लताबाई काळ्या होत्या. उभ्या आयुष्यात शेतावर राबलेल्या, हातावर उन्हाचे पट्टे उमटलेले. त्यांनी सुनेकडे शांतपणे बघितलं. "तुला बोलायला काय जातंय? तू गोरी हायेस. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पण घेतला नव्हता. तवाच मी ठरवलं व्हतं, माझ्या लेकाला गोरी बायको करीन. केली. आता नातू गोरा व्हावा म्हणलं तर माझं काय चुकलं?"

संजना पोळपाटावरची पोळी लाटतच राहिली, इतकी की ती कडेला फाटली. आपल्याला या घरात का आणलं हे तिला अंधुक माहीत होतं. पण असं उघड कोणी सांगितलं नव्हतं. संघर्षने ताटावरून उठताना आईला म्हटलं, "मी तिला रंगासाठी नव्हतं केलं." लताबाई म्हणाल्या, "तू नाय. मी." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी संजना सरांच्या केबिनमध्ये गेली. आरोही सूत्रसंचालन करणार नसेल तर मीही स्टेजवर बसणार नाही, असं तिने सांगून टाकलं. सर चिडले नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, पंखा मोठा केला.

"मॅडम, मी काय राक्षस आहे का? मी बागलाणातल्या खेड्यातून आलोय. मला पण लोक हसलेत. पण पालक कसे आहेत ते मला माहीत आहे. त्यांना जे हवं ते दाखवलं नाही तर ते पलीकडच्या शाळेत जातात." मग जरा विचार करून ते म्हणाले, "असं करू. मुलीची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही. आरोही बोलेल. पडद्यामागून, माईकवर. निकिता समोर उभी राहील, पाहुण्यांना फुलं देईल, हसेल. आवाज आरोहीचा, चेहरा निकिताचा. दोघींना संधी. काय?"

नवल म्हणजे संजनाने मान डोलावली. सरांचा आवाज इतका समजूतदार होता की क्षणभर हे ठीकच आहे असं तिला वाटलं. स्टाफरूममध्येही सगळ्यांना तो तोडगा पसंत पडला. स्नेहल म्हणाली, "बघ, निघाला ना मार्ग?" संजना मात्र स्टाफरूममधून वर्गाकडे जिना चढू लागली. आपण काय कबूल करून आलो, हे तिला एकेका पायरीवर कळत गेलं.

आरोहीला तिनेच सांगायचं होतं. वर्ग सुटल्यावर तिने तिला थांबवलं आणि शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. तिला वाटलं, मुलगी रडेल. आरोहीने दप्तराचा पट्टा नीट केला.

"चालेल, मॅडम. पडद्यामागे भीती पण कमी वाटेल."

"तुला भीती वाटते?"

"नाही," आरोही म्हणाली. मग तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी बाजूला केलं होतं का? लहानपणी?"

संजनाला खोटं बोलता आलं असतं. मुलीला धीर यावा म्हणून बोलावंसंही वाटलं. "नाही," ती म्हणाली. "मला कायम पुढेच उभं केलं."

आरोहीने मान हलवली. राग नव्हता. तिला फक्त उत्तर हवं होतं, ते मिळालं होतं. "येते," म्हणून ती गेली. संजना रिकाम्या वर्गात इकडून तिकडे फिरत राहिली. बाकं सरळ करत राहिली. आपण पुढे उभं राहिलो त्या प्रत्येक वेळी मागे कोणती मुलगी उभी होती, ते ती आठवू बघत होती. एकीचाही चेहरा आठवेना.

उद्घाटनाच्या सकाळी हॉल गच्च भरला. स्टेजवर खुर्च्या मांडलेल्या. मध्ये पावेल, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. शेजारी त्याचे दोन साहेब, मग कापडणीस सर, आणि टोकाला संजना. डाव्या बाजूच्या विंगेत, काळ्या पडद्याआड, माईक घेऊन आरोही. समोर निकिता. नवा परकर-पोलका, केसांत अबोली, आणि चेहरा भीतीने पांढराफटक. खाली महेश कॅमेरा घेऊन उभा.

"गुड मॉर्निंग, अँड अ व्हेरी वॉर्म वेलकम," पडद्यामागून आवाज आला. स्वच्छ, मोकळा. हॉल शांत झाला. निकिताला ओठ हलवायचे की नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या वाक्याला तिने हलवले. दुसऱ्याला ते चुकले. पुढच्या रांगेतली मुलं खुसखुसू लागली. निकिता हसत राहिली, सांगितल्याप्रमाणे, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी जमा झालं.

पावेल संजनाकडे वाकला. "हू इज स्पीकिंग?" त्याने विचारलं.

"अ गर्ल. बिहाइंड."

"व्हाय बिहाइंड?"

संजनाने तोंड उघडलं. सतरा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला त्या साध्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत सापडेना. मराठीतही सापडेना. ती उठली. काही ठरवून उठली नव्हती. बसवेनाच म्हणून उठली. कापडणीस सरांनी दबक्या आवाजात "मॅडम?" म्हटलं, तोवर ती विंगेत पोचली होती.

आरोही पुढच्या वाक्यापाशी थांबली होती. माईकवर हात ठेवून तिने विचारलं, "काय झालं? चुकलं का माझं?"

"नाही. बाहेर येतेस?"

"सर रागावतील."

"माझ्यावर रागावतील."

आरोहीने पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. निकिता ओठ घट्ट मिटून उभी होती. "पण निकिताला आत नका घेऊ, मॅडम," आरोही म्हणाली. "सगळे हसतील तिला. तिला राहू द्या. मी शेजारी उभी राहते."

हे संजनाच्या मनातही आलं नव्हतं. तिने नुसतं हो म्हटलं. आरोही माईक घेऊन बाहेर गेली. शाळेच्या रोजच्या गणवेशात, एका पायातला मोजा खाली घसरलेला. निकिताने तिला येताना बघितलं आणि असा श्वास सोडला की पहिल्या रांगेलाही तो दिसला. आरोहीने पुढचं वाक्य सुरू केलं.

आणि मग काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. कोणी पालक उठून गेला नाही. लोकांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या, लहान मुलं रडली, मागे कोणाचा तरी फोन वाजला. एवढ्या साध्या गोष्टीला आपण सगळे मिळून इतके घाबरलो होतो, हे संजनाला विंगेतून बघताना असह्य वाटत होतं. ती स्टेजवर परत गेलीच नाही. तिची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

कापडणीस सरांनी कार्यक्रमभर हसरा चेहरा ठेवला. नंतर केबिनचं दार लावून ते म्हणाले, "तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत."

"सर, मी कोणालाच काही बोलले नाही."

"तेच तर. न बोलताच पाडलंत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या वर्षी प्रवेशाच्या टेबलावर संजनाला बसवलं नाही. आठवी-नववीचे वर्ग काढून तिला पाचवी दिली. स्नेहल महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलायची. महेशने त्या दिवशीचा एक फोटो तिला पाठवला, आरोही आणि निकिता एका माईकशी. खाली काही लिहिलं नव्हतं. पावेल मशीन चालू करून देऊन मार्चमध्ये मायदेशी गेला. जाताना त्याने संजनाला विचारलं, की मला खरंच शिकवता येत नव्हतं, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना? ती हो म्हणाली. तो म्हणाला, "आय न्यू टू. बट एव्हरीबडी वॉज सो हॅपी." दोघंही ओशाळून हसले.

आरोही दहावीला गेली. तिचं पुढे सोन्यासारखं झालं असं सांगावंसं वाटतं, पण तसं अजून काही झालेलं नाही. ती अभ्यास करते, जिन्यात भेटली की "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणते आणि मैत्रिणींबरोबर पुढे जाते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. तिला बरं वाटलं होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस संजनालाही झालं नाही.

जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग आला. जिल्हा पातळीवरचे कोणी अधिकारी शाळा बघायला येणार होते. स्नेहल वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "फुलं द्यायला दोन मुली हव्यात."

चाळीस चेहरे संजनाकडे वळले. काही हात वर झाले. संजनाची नजर वर्गावरून फिरली आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीवर आपोआप थांबली. गोरी, नाकेली, दोन वेण्यांची. तिथे ती थांबली हे तिला स्वतःलाच जाणवलं.

"कोणत्या देऊ?" तिने स्नेहललाच विचारलं.

स्नेहल दारातून आत फळ्यापाशी आली. तिचीही नजर फिरली, तिथेच थांबली आणि झटकन खाली गेली. "मला नाही कळत," ती शेवटी म्हणाली. "तू मागे ते सगळं बोललीस ना, तेव्हापासून मला साधं काही निवडता येत नाही. काल स्वागतगीताला मुली निवडताना पण तसंच झालं. राग येतो मला तुझा."

"मलाही येतो," संजना म्हणाली.

मुलं वाट बघत होती. वर केलेले हात दुखू लागले म्हणून काहींनी दुसऱ्या हाताने कोपरं धरली होती. बाहेर मैदानावर महेशची शिट्टी वाजत होती. दोघी बाया फळ्यापाशी उभ्या होत्या आणि दोघींपैकी कोणीच अजून नाव घेतलं नव्हतं.